जठारपेठेत मंगळ उणे साठ

अकोल्याच्या मे महिन्यात थंडी वाजणारा माणूस अख्ख्या दुनियेत एकच, आणि तो माझ्या सख्ख्या मावशीचा नवरा आहे! मावसाजींचं जठारपेठेत फुलांचं दुकान आहे. झेंडू, शेवंती बार्शीटाकळीजवळच्या त्यांच्याच मळ्यातून येते. दुकानाबाहेर फळा. बाकीचे दुकानदार फळ्यावर हारांचे भाव लिहितात, मावसाजी लिहायचे, ‘अकोला ४५. मंगळ उणे ६०.’ मग बंडीनं घाम पुसत तोच आकडा स्वतः वाचायचे, खांदे आखडायचे आणि म्हणायचे, "बाप्पा, काय गारठा हाय!"

हे सगळं सुरू झालं ताईमुळे. ताई म्हणजे त्यांची एकुलती एक पोरगी, जानेवारीत कॅनडात विनिपेगला शिकायला गेली, दोन वर्षांसाठी. मावशी रडायची थांबेचना. "दोन वर्सं! मी कशी काढू दोन वर्सं?" मावसाजी दुपारभर मोबाइलमध्ये डोकं घालून बसले आणि चहाच्या वेळी जाहीर केलं, "मंगळावर एक वर्ष सहाशे सत्त्याऐंशी दिवसांचं असते. म्हंजे पोरगी एकाच वर्षासाठी गेली. कायले रडून राह्यली?" आणि जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूंवर फूटपट्टीनं मोजून तितके चौकोन आखले! मावशी म्हणायची, "यांच्या ग्रहावर माह्याकडून भरोसा ठेवनं होत नाही." पण रोज सकाळी देवपूजा झाली की कुंकवाचं एक बोट त्या दिवसाच्या चौकोनावर टेकवायचीच.

त्यानंतर मावसाजींना कोणी आवरू शकलं नाही. गिऱ्हाईक विचारायचं, "हार कसा दिला?" हे म्हणायचे, "तुमचं वय सांगा आधी." साठ म्हटलं की, "मंगळावर तुमी बत्तीसचे. घ्या, मोठा हार घ्या." एकदा मी अमरावतीहून गेले, तेही भर मे महिन्यात, तर मला गच्चीवर नेलं. मंगळावर म्हणे हवा इतकी विरळ की दुपारी उभं राहिलं तर पायाशी बरी ऊब आणि डोक्याशी बर्फ! ते समजावून सांगायला माझ्या चपला काढायला लावल्या आणि डोक्यावर बर्फाची पिशवी ठेवली. मी अशी उडाले की पिशवी शेजारच्या अंगणात! "पोट्टे, मंगळावर इतकं भाजत नाही," ते शांतपणे म्हणाले, "हे अकोल्याचं चुकलं."

आणि तिथले ऋतू! मंगळाची सूर्याभोवतीची वाट लांबट, म्हणून तिथे सगळे ऋतू सारख्या लांबीचे नसतात. उत्तरेकडचा वसंत सात महिने चालतो, उन्हाळा सहा महिने. हे ऐकून मावशी पोळी लाटता लाटता म्हणाली, "सहा महिने उन्हाळा? त्याच्यासाठी इतक्या दूर कायले जा लागते?"

चौकोन संपले तेव्हा नोव्हेंबर सरत आला होता आणि मी तिथेच होते. मावशीनं पहाटेच उठून ताईच्या आवडीचा, बेसनाच्या पातोडीचा रस्सा केला, ताईच्या पलंगावर नवी चादर घातली. मावसाजी म्हणाले, "अवं, ते मंगळाचं वर्ष होतं. आपली दोन वर्सं व्हायले अजून त्रेचाळीस दिवस बाकी हायेत."

"मले नोका सांगू," मावशी म्हणाली. "मी रोज कुंकू लावलं. वर्ष झालं नं तुमचं? मंग पोरगी कुठं हाय?"

मावसाजी कॅलेंडर काढून चौकोन पुन्हा मोजायला बसले. दुपारी ताईचाच फोन आला. खूश होती. तिला तिथेच नोकरी लागली होती, आणखी तीन वर्षं. मावशी "चांगलं झालं, बाई" म्हणाली आणि रस्सा झाकून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावसाजींनी फळ्यावरचा मंगळ पुसला आणि ‘गुरू’ लिहिलं. मावशीला हाक मारून बाहेर बोलावलं. "आयक! गुरूवर एक वर्ष म्हंजे आपले बारा वर्सं. पोरीचे तीन वर्सं तिथं पाव वर्षात खलास!"

"अन् तिथचे ऋतू?"

"ऋतू नाहीतच म्हन नं. तो गडी सरळ उभा हाय, कललेलाच नाही. सदा सारखंच."

मावशी फळ्याकडे बघत म्हणाली, "सारखंच? मंग दिवस गेलेले मले समजन कसे?"

मावसाजींनी गुरूही पुसला, मोबाइल बघितला आणि लिहिलं, ‘अकोला २८. विनिपेग उणे १४.’

मावशीनं ते मोठ्यानं वाचलं. "उणे चौदा! स्वेटर घालत असन का नाही पोरगी?"

"घालत असन," मावसाजी म्हणाले.

मी निघाले तेव्हा ते दुकानात बसले होते, चांगल्या उन्हात गळ्याला मफलर गुंडाळून. एका नेहमीच्या गिऱ्हाईकानं विचारलं, "काहो, मंगळ कुठं गेला तुमचा?"

मावसाजी हार गुंफत म्हणाले, "तिथं काय आपलं कोनी राह्यते?"