माशांच्या टाकीतला पंप

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. सुरतेच्या उधन्यात आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहत होतो, वर पत्रे. मी साड्यांच्या छपाईची डिझाइनं कॉम्प्युटरवर करून द्यायचे. बाजारातले शेठ कागदावरचं चित्र द्यायचे, मी ते मशीनवर घेऊन त्यातला एकेक रंग वेगळा काढायचे. कॉम्प्युटर जुना घेतलेला होता. फेब्रुवारीपर्यंत तो गुणी असायचा. एप्रिल लागला की दुपारी काम करता करता पडदा गोठून जायचा आणि सकाळपासूनची मेहनत फुकट.

माझे यजमान कापड रंगवायच्या मिलमध्ये फिटर होते. ते म्हणाले, "आमच्याकडे एवढाली यंत्रं पाण्यावर गार होतात. याला काय धाड भरलीय?" मिलशेजारच्या लेथवाल्याकडून त्यांनी तांब्याचा एक ठोकळा आतून पोकळ करून घेतला आणि तो कॉम्प्युटरच्या तापणाऱ्या चिपवर बसवला. त्याला दोन नळ्या लावल्या, टेबलाखाली पाण्याची बादली ठेवली आणि बादलीत कूलरचा छोटा पंप सोडला. पाणी वर जायचं, चिपची उष्णता घेऊन खाली यायचं. पहिल्या दिवशी आम्ही दोघं श्वास रोखून बसलो होतो, एक थेंब गळला तरी सगळं संपलं असतं. गळला नाही.

मदरबोर्डबरोबर एक सीडी आली होती. तिच्यात तापमान दाखवणारा प्रोग्राम होता. पडद्याच्या कोपऱ्यात छोटी चौकट, त्यात आकडा आणि खालीवर होणारी रेघ. पण मोठं काम चालू असलं की ती चौकट मागे दडायची आणि आकडा बघायला काम थांबवावं लागायचं. मग यांनी मिलमधल्या रंगाच्या टाक्यांवर असतो तसला लाल आकड्यांचा डिस्प्ले विकत आणला, त्याची वायर ठोकळ्यापर्यंत नेली आणि कॉम्प्युटरच्या पुढच्या रिकाम्या खणात तो बसवून टाकला. दाराशी उभं राहूनही आकडा दिसायचा.

तो आकडा सांभाळायचं काम आपसूक आत्यांकडे गेलं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. धुळ्याकडून त्या आमच्याकडे राहायला आल्या होत्या. शाळेत कधी गेल्या नव्हत्या, पण आकडे ओळखायच्या. यांनी त्यांना समजावलं, "आई, पन्नासच्या आत असलं तर काही करू नको. साठ झाले तर भिंतीवरचं बटण बंद कर. कुणाला विचारत बसू नको." आत्या समोर पाट टाकून बसायच्या, तांदूळ निवडायच्या आणि मधूनमधून मान वर करायच्या. त्यांच्यामुळे मला बाजारात जाता यायचं. मशीन एकटं सोडून जायची माझी हिंमत नव्हती.

एका शनिवारी मी सकाळी मोठं काम लावून रिंग रोडच्या कापडबाजारात गेले. लग्नसराईचं डिझाइन होतं, शेठना सोमवारी सकाळी हवं होतं. रंग वेगळे व्हायला दिवस जाणार होता आणि पूर्ण होईपर्यंत काही साठवलं जात नव्हतं. उन्हं कलताना परत आले तर पडदा काळा. आत्या पाटावर हात मांडीत घेऊन बसल्या होत्या.

"आकडा साठवर उना," त्या म्हणाल्या. "मी बटन दाबी दिन्हं. तुन्हं काम वाया गयं ना?"

मी खालीच बसले. रडू येत होतं, पण त्यांच्यावर राग नव्हता. त्या दुपारभर हाच विचार करत बसल्या असणार हे त्यांच्या तोंडावरून कळत होतं. मी म्हटलं, "आत्या, सांगितलं होतं तेच तुम्ही केलं."

हे आले, बादलीत हात घातला, पंप बाहेर काढला. पंप जळला होता. "आईनं अजून थोडा वेळ जाऊ दिला असता तर चिप गेली असती," एवढंच म्हणाले. चिप गेली असती तर माझा धंदाच बसला असता. चहा झाला, आत्यांनी दोन कप घेतले.

दुसरा पंप मात्र नव्हता. हे दुकानं फिरून हात हलवत आले. दुसऱ्या दिवशी रविवार, सगळं बंद. सकाळी मी जिन्यात शेजारणीला मोडक्यातोडक्या गुजरातीत हे सांगत होते. त्या सुरतच्याच, त्यांच्या घरात माशांची काचेची टाकी होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, घरात गेल्या आणि टाकीतला पंप पुसून माझ्या हातात दिला.

"लई जाव ने, बेन."

"आणि मासे?"

"ए तो हुं जोई लईश." मासे मी बघून घेईन, म्हणाल्या.

मासे त्यांनी पाण्याच्या मोठ्या पातेल्यात काढले. पंप नसला की पाण्यात हवा राहत नाही, मासे गुदमरतात. म्हणून त्या तांब्याने पाणी उचलून उंचावरून परत पातेल्यात सोडत राहिल्या. आत्यांना हे कळल्यावर त्या तिकडे जाऊन बसल्या आणि दोघींनी पाळ्या लावल्या. एकीला मराठी येत नव्हतं, दुसरीला गुजराती. दिवसभर बोलण्याचा आवाज मात्र येत होता. एक मासा उडी मारून फरशीवर पडला, तो आत्यांनी पदरात उचलून परत सोडला. इकडे मी काम पुन्हा लावून लाल आकड्यावर डोळा ठेवून होते. तो पंचेचाळीसच्या आसपास टिकून राहिला.

दिवेलागणीला काम पुरं झालं. पंप नेऊन दिला, मासे टाकीत गेले, सगळे जिवंत. शेजारणीला मी काहीबाही बोलू लागले तर त्या म्हणाल्या, "बेसो, चा पीयो."

डिझाइन पास झालं. पहिल्या छपाईतली एक साडी शेठनी मला दिली. मी ती आत्यांपुढे ठेवली. त्यांनी काठावरून हात फिरवला आणि घडी माझ्याकडे सरकवली. त्या नऊवारी नेसायच्या, ही पाचवारी.

"तिले दे," त्या म्हणाल्या. "मासावालीले."

शेजारणीने ती आठवड्याच्या आत नेसली, उजव्या खांद्यावर पदर घेऊन. आत्या त्यांना घेऊन खालच्या मजल्यापर्यंत गेल्या आणि भेटेल त्या बाईला साडी दाखवून सांगत सुटल्या, "मन्ही सूननी करेल शे ही."