खाऱ्या डबक्यावरची माशी

"आधी चाल बघा, मंग पंख." नदीकाठच्या चिखलात उकिडवे बसून मामा हे सांगायचे आणि डावा पंजा वर करून आम्हाला जागीच थांबवायचे. सावली पुढे पडली की माशी उडते, एवढंही आमच्या पदव्यांना कळत नसे.

मामा धायरीचे, आमच्या कीटकसंग्रहात शिपाई. पाण्याकाठच्या बारीक माश्या, ज्यांना तुम्ही-आम्ही चिलटं म्हणून झटकून टाकतो, त्या ओळखणं हे माझं काम. मी त्या भिंगाखाली, पंखांच्या शिरा मोजून ओळखायचो. मामा चार हात लांबून, नुसत्या चालीवरून ओळखायचे. एकदा पुलावरून एका गृहस्थांनी हाक दिली, "काही सापडलं तर आम्हालाही कळवा हो!" मामांनी मान वर न करता सांगितलं, "चिलटं हायेत. किती देऊ बांधून?"

एके दिवशी त्यांनी बर्फाच्या कारखान्यामागच्या डबक्यावरून एक माशी आणली.

"साहेब, ही खाडीवरची हाय. कोकणात गेलतो ना आपण, तवा बघितलेली."

मी हसलो. "मामा, पुण्याला समुद्र कधी आला?"

"पाणी चाखून बघा."

बर्फाच्या टाकीतलं मिठाचं पाणी झिरपून ते डबकं झालं होतं. मी चाखलं नाही, माशी भिंगाखाली घेतली. मामांचं बरोबर होतं.

अशी माशी पुठ्ठ्याच्या इवल्या तुकड्यावर चिकटवून टाचणीत अडकवतात. त्याच टाचणीत खाली चिठ्ठी असते: ठिकाण, तारीख, कोणी पकडली. मामांनी त्या दिवशी पहिल्यांदाच काही मागितलं. "हिच्या चिठ्ठीवर माझं नाव घाला, साहेब. पोरीला आणून दाखवीन."

"घालतो की," मी म्हणालो. आणि माझं घातलं. शिपायाने पकडली म्हटलं तर वरचे हसतील, अशी मी मनाची समजूत घातली. खरं तर मलाच ते हवं होतं.

आठवड्याने मामा कॉलेजात जाणाऱ्या मुलीला घेऊन आले. त्यांनी स्वतः पेटी उघडली, भिंग लावलं, चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. मी टेबलावरचे कागद उगाच सारखे करत राहिलो.

"अक्षर लई बारीक हाय गं. नाही दिसायचं तुला," ते तिला म्हणाले आणि झाकण हळूच लावलं.

मला त्यांनी कधी एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. निवृत्त होईपर्यंत ते मला चालच बघायला सांगत राहिले, आणि दर वेळी मला लाज वाटत राहिली.

मामा गेल्याचं कळलं, त्या दिवशी मी पेटी काढली आणि नवी चिठ्ठी लिहिली. आमच्यात जुनी चिठ्ठी चुकीची असली तरी काढायची नसते, दुरुस्ती तिच्याखाली लावायची. त्यामुळे त्या टाचणीवर अजूनही वर माझं नाव आहे आणि मामांचं त्याच्याखाली झाकलेलं. वाचायचं तर टाचणी उचलून धरावी लागते.

मुलीला मी अजून बोलावलेलं नाही.