पानादादांचे सहा विजय आणि वहिनींचा अर्ज

सहा वेळा निवडून आलेले आमचे आमदार मूळचे नळ दुरुस्त करणारे. खिशात कायम पाना, म्हणून सगळे त्यांना पानादादा म्हणायचे.

राजकारणात ते शिरले ते रागाच्या भरात. गल्लीतला फुटलेला पाइप बदलून द्या म्हणून पाणी खात्यात चार खेपा घातल्या, तेव्हा तिथला कारकून वैतागून म्हणाला, "एवढी हौस असेल तर निवडणूक लढवा!" दादांनी खरंच अर्ज भरला. मतं पडली तीनशे बारा. अनामत जप्त झाली.

"मी नळ दुरुस्त केलेली घरंही तेवढीच असतील," दादा म्हणाले.

"मग आणखी नळ धरा की," वहिनी म्हणाल्या.

पाच वर्षं दादा घरोघरी मोऱ्यांत वाकले. पुढच्या खेपेला त्रेचाळीस मतांनी आले आणि मग ओळीनं तीनदा, दर वेळी जास्त मतांनी.

इथेच माशी शिंकली. दादा आता वाकेनासे झाले. घरची मोरी तुंबली, तर पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "अर्ज दे, बघतो."

वहिनीही वस्ताद. रीतसर अर्ज लिहून मंगळवारी दादांच्या कार्यालयात रांगेत उभ्या राहिल्या. सहायकानं मान खाली घालून शिक्का मारला. दोन महिने झाले, मोरी तशीच.

सहाव्या खेपेला उभे राहिले आणि दादा नऊ मतांनी पडले. घरी येऊन त्यांनी दबकत विचारलं, "तू तरी मला दिलंस ना?"

"नाही. समोरचा मत मागायला आला होता. म्हटलं, मोरी साफ करता? त्यानं बाह्या सरसावल्या."

आठवडा गेला. मग एका सकाळी दादा हत्यारांची पिशवी उचलून शेजारच्यांचा गळका नळ बघायला गेले. गुडघे कुरकुरले, पण गेले. पुढच्या दोन्ही निवडणुका त्यांनी मारल्या. दोन्ही वेळा वहिनींनी मत कुणाला दिलं, हे विचारायची त्यांची छाती झाली नाही.

यंदा त्यांनी आपणहून थांबायचं ठरवलं. सभागृहातलं शेवटचं भाषण चार मिनिटांत आटोपलं. दोन्ही बाजूंनी बाकं दणादण वाजली. दादांचे डोळे भरून आले.

"प्रेम हो, प्रेम," ते शेजारच्या सदस्याला म्हणाले.

"प्रेम आहेच," तो म्हणाला, "पण याआधी तुम्ही कधी पाऊण तासाच्या आत बसला होतात?"