वर केलेला हात

आमच्या वॉर्डात कोणी हात वर केला की तो जय भीमच. सायकलवरचा माणूस, ऑटोतला, गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई, सगळे लांबूनच हात करतात आणि आपणही करायचा. नाही केला तर संध्याकाळपर्यंत ऐकून घ्यावं लागतं, की रिटायर काय झाले, स्वतःला साहेबच समजायला लागले.

रविवारी विहारात मी पोरांचा वर्ग घेतो; ती मला मोठेबाबा म्हणतात. मध्य प्रदेशातल्या बालाघाटातली ही पोरं घरातसुद्धा बहुतेक हिंदीच बोलतात, म्हणून त्यांना मराठी वाचायला शिकवतो आणि जाता जाता चार शहाणपणाच्या गोष्टी सांगतो. गोंदिया रोड ओलांडताना हात वर करा, गाडीवाल्याला दिसलं पाहिजे, हे मीच शिकवलेलं. गाडी पुरती थांबेपर्यंत पाय टाकू नका, हे मात्र सांगायचं राहून गेलं. मला वाटायचं, एवढं तर कळतंच. कसलं कळतं! आठ वर्षांच्या जिवाला आपण सांगू तेवढंच कळतं.

त्या सकाळी मी स्कूटर घेऊन दूध आणायला निघालो होतो. शेजारच्या घरची पोर, तिसरीतली, माझ्याच वर्गाला येणारी, पाठीला दप्तर लावून रस्त्याच्या कडेला उभी होती. मला पाहून तिनं हात वर केला. मला वाटलं, जय भीम करून राहिली. मीही हसून डावा हात वर केला. तिला वाटलं, मोठेबाबा ये म्हणतात. ती निघाली.

स्कूटरचा मागचा ब्रेक डाव्या हाताला असतो. माझा तो हात हवेत होता. घाबरून नुसता पुढचा दाबला तर गाडी घसरली आणि मला घेऊन थेट तिच्या अंगावर गेली. मला खरचटलं. तिच्या मांडीचं हाड मोडलं. गोंदियाला नेलं, रॉड टाकला, पण पाय इंचभर आखूड राहिला तो राहिलाच. जयंतीच्या मिरवणुकीत लेझीमच्या पहिल्या रांगेत असायची ती. यंदा ओट्यावर बसून पाहत होती, आणि मला तिकडे बघवलं नाही.

दवाखान्यात पोलीस आला तेव्हा मी तिच्या खाटेजवळच होतो. त्यानं काय झालं विचारलं, तर पोरच बोलली. "गलती मेरी थी. मैं देखे बिना आ गई." तिच्या आईनं उलट माझ्यापुढे हात जोडले, म्हणाली की भाऊ, ही आंधळ्यासारखी धावते, तुम्हालाच काही झालं असतं तर? मी खाली मान घालून बसलो. लोकांना वाटलं, माणूस किती हळवा. हळवा कसला, भित्रा! या वयात केस अंगावर येईल, या धाकानं माझी दातखीळ बसली होती.

बरी झाल्यावर पोर पुन्हा वर्गाला यायला लागली. लंगडत यायची आणि दारातच म्हणायची, सॉरी मोठेबाबा. घरून तसं बजावलेलं. दर रविवारी तेच. मी हौ हौ म्हणून तिला आत बसवायचो आणि धडा काढायचो. एवढा निगरगट्ट झालो होतो मी.

गेल्या रविवारी ती तसंच म्हणाली आणि मला काही सहन झालं नाही. तिला सोडायला आलेली आई अजून दारात होती. सगळ्या पोरांसमोर मी बोललो.

"तिनं मले थांबवाले हात केलता. मी जय भीम समजलो अन् ब्रेकवरचा हात सोडला. तिनं थांबाले पाह्यजे होतं, हे खरं. पण ते मी शिकवलंच नव्हतं. अन् गाडी माही होती."

पोर माझ्याकडे पाहत राहिली. रागानं नाही, गणित चुकल्यावर पाहावं तसं.

"मंग मोठेबाबा, इतके दिवस मी काहून सॉरी म्हणत होती?"

आईनं तिचं दप्तर उचललं आणि तिला बाहेर नेलं. फाटकाशी जाऊन पोरीनं वळून पाहिलं. मी सवयीनं हात वर केला. तिनं केला नाही.