हाताने जेवणारं लेकरू

ताईंनी माझ्या मुलाचं मनगट धरलं आणि ओल्या टिश्यूने त्याची बोटं पुसली. एकेक करून. तो वाटीतली मॅकरोनी हाताने खात होता. चमचा खाली पडला होता. बोटं पुसून झाल्यावर ताईंनी टिश्यू कचऱ्यात टाकला, पर्समधून सॅनिटायझर काढलं आणि मनगटाच्या वरपर्यंत हात चोळले. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "तुमच्याकडे असंच चालत असेल. इथे नाही चालत."

मी म्हणाले, "थँक यू, ताई."

हो. थँक यू म्हणाले.

सिंगापूरच्या पाया लेबार भागातल्या एका इमारतीतलं थेरपी सेंटर होतं ते. मुलगा चार वर्षांचा होता. त्याला ऑटिझम आहे हे आम्हाला कळून वर्ष झालं होतं.

आभार मानायची सवय मला लहानपणापासूनची. परभणीकडचं तालुक्याचं गाव, मराठी शाळा, वडील नगरपालिकेत सफाई कामगार. शाळेत वह्या मिळाल्या की हात जोडायचे. वसतिगृहात कॉट मिळाली की हात जोडायचे. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. पुण्यात नोकरी लागली, लग्न झालं, मग दोघं सिंगापूरला आलो. वन-नॉर्थला सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम, पुंगोलला भाड्याचा फ्लॅट. शिकलेल्या माणसांनी माझं भलं केलं, हे खरं आहे. म्हणून शिकलेलं माणूस सांगेल ते भल्याचंच, असं मी धरून चालले होते.

ताई सेंटरमध्ये पगारी नव्हत्या. भारतीय कुटुंबांना समजून घ्यायला त्यांच्यातलंच कोणीतरी असावं, म्हणून सेंटरने त्यांना स्वयंसेवक म्हणून बोलावलं होतं. मूळच्या पुण्याच्या, इथे पीआर, म्हणजे कायमच्या रहिवासी, राहायला कॉन्डोत मोठा फ्लॅट. पहिल्या दिवशी मला बघून म्हणाल्या, "अगं, मराठी ऐकून किती बरं वाटलं. कुठली तू?" मी गाव सांगितलं. "आडनाव काय गं?" सांगितलं. त्या थांबल्या. घोटभर पाणी पिण्याइतकं. मग म्हणाल्या, "अच्छा. बसा ना तुम्ही."

तिथून पुढे मी कायमची 'तुम्ही' झाले. बाहेरच्या माणसाला वाटेल, मान दिला. आम्हाला हा मान चांगला ओळखीचा आहे.

माझी आई तेव्हा व्हिजिट पासवर आमच्याकडे आली होती. ती भाकरी थापायची आणि पोरगं तिच्या मांडीला टेकून बसायचं. ती म्हणायची, "थाप." तो म्हणायचा, "थाप." त्याच्याकडे चारच शब्द होते. थाप, आलं, नगं, आणि माझ्या आईला हाक मारायचा तो "माय". चारही आईने दिलेले.

ताईंनी सांगितलं, घरात फक्त इंग्रजी. "आधीच बोलत नाही तो. त्यात ही बोली. आजीला सांगा, त्याच्याशी बोलू नका म्हणावं."

आम्ही ऐकलं. पण आमची इंग्रजी ऑफिसात शिकलेली. खेळायची, लाड करायची, रागवायची इंग्रजी आम्हाला येतच नव्हती. मी चार वर्षांच्या मुलाला म्हणायचे, प्लीज वेट. काइंडली फिनिश युअर फूड. एकदा नवरा हसत म्हणाला, "आपण पोराला मेल पाठवतोय." मग तो हसायचा थांबला.

आई स्वयंपाकघरात गप्प बसायची. मुलगा तिच्यासमोर जाऊन उभा राहायचा आणि बोटाने तिचे ओठ उघडायचा. आई माझ्याकडे बघायची. "मी गप बसते बाई. पण लेकरू तोंडाकडं बघायलंय माझ्या."

दोन-तीन महिन्यांत ते चार शब्द गेले. त्यांच्या जागी इंग्रजी शब्द आला नाही. एकही नाही.

सेंटरच्या बाहेर बाकावर घानाहून आलेली एक बाई बसायची. नवरा जहाजांच्या यार्डात इंजिनिअर. तिचा मुलगा माझ्या मुलाहून थोडा मोठा, उंच, कोणालाही कडकडून मिठी मारणारा. आम्ही इंग्रजीत बोलायचो. एक दिवस ती म्हणाली, "माझा मुलगा मिठी मारतो, तर त्याला आक्रमक म्हणतात. तो दुसरा गोरा मुलगा ढकलतो, त्याला उत्साही म्हणतात. काळा मुलगा ह्यांना आधी मोठा दिसतो, मग लहान." मग तिने विचारलं, "तुमच्या घराबद्दल ह्यांना कोण सांगतं?"

मी काचेतून ताई दाखवल्या.

"ती कधी तुझ्या घरी जेवलीय?"

तिने सहज विचारलं होतं. तिला आमच्याकडचं काही माहीत नव्हतं. माझी मात्र कानशिलं तापली. ह्या प्रश्नाचं उत्तर माझ्या आजीला ठाऊक होतं, तिच्या आजीला ठाऊक होतं. समुद्र ओलांडून आले तरी उत्तर तेच होतं. जी बाई माझ्या घरचं पाणी पिणार नाही, ती माझं घर समजावून सांगत होती. आणि मी हात जोडून बसले होते.

पुढच्या भेटीला मी आईला बरोबर नेलं. डब्यात भाकरी आणि वरण घेतलं.

थेरपिस्ट तरुण होती, इथलीच, चिनी वंशाची. मनाने वाईट नव्हती. मुलगा कोणत्या गटात बसेल हे त्या दिवशी ठरणार होतं. तिने विचारलं, तो स्वतः जेवतो का? मी तोंड उघडायच्या आत ताई इंग्रजीत बोलू लागल्या. "ह्यांची पहिलीच पिढी शिकलेली. घरी खाली बसून हातानेच खातात. आजी कुठलीतरी खेडवळ बोली बोलते. आमच्या सगळ्या मराठी घरांत असं नसतं, हे लक्षात घ्या."

थेरपिस्ट म्हणाली, "धन्यवाद. ह्याने पार्श्वभूमी कळते."

मी म्हणाले, "मी इथे बसले आहे. मला विचारा."

मी डबा उघडला. खाली रुमाल अंथरला. आईने डब्यातच भाकरी चुरली, वरण ओतलं. "ये रं माझ्या वाघा. खा." कितीतरी दिवसांनी ती त्याच्याशी बोलली. तो आला, मांडी घालून बसला. पाच बोटांनी कालवलं, घास केला, अंगठ्याने तोंडात सारला. तळहाताला काही लागलं नाही. रुमालावर कण सांडला नाही.

"हे स्वतः जेवणं आहे," मी थेरपिस्टला म्हणाले. "चमच्याहून अवघड आहे. करून बघा."

ताई मराठीत म्हणाल्या, "असा तमाशा करायचा नसतो. तुम्हाला एवढं तरी कळायला हवं."

"ताई, आडनाव विचारायच्या आधी तुम्ही मला तू म्हणत होता," मी म्हणाले. "त्यानंतर तुम्हाला माझ्याबद्दल काहीच नवीन कळलेलं नाही. म्हणून माझ्याबद्दल बोलू नका."

त्या लाल झाल्या. थेरपिस्टला कळेना काय झालं. मग मी तेच इंग्रजीत सांगितलं. जात म्हणजे काय, तेही सांगितलं.

काही बदललं का? थेरपिस्ट प्रामाणिकपणे म्हणाली, चाचणीत फक्त चमचा आणि काटा मोजतात. मुलाला खालच्या गटात टाकलं. ताईंनी तक्रार केली. सेंटरने आम्हाला कळवलं की सहकार्याची भावना ठेवावी. गेलेले चार शब्द परत आले नाहीत. आई परत गेली तेव्हा तो दारापाशी नुसता उभा राहिला.

पण त्या दिवसापासून आमच्या घरात मराठी परत आली. आईची मराठी, परभणीची. तो ऐकतो. कान देऊन ऐकतो. आणि मी सेंटर सोडलं नाही. घानाची ती बाई आणि मी, दोघींनी मिळून लेखी मागणी केली आहे. आमच्या मुलांबद्दल काही ठरवायच्या आधी आमच्या घरी या, बसा, बघा, आमच्याशी बोला. आमच्या वतीने दुसरं कोणी बोलणार नाही. उत्तर आलं नाही तर पुन्हा लिहू. त्यानंतर दारात जाऊन बसू.

माझा मुलगा बोलेल की नाही, मला माहीत नाही. कदाचित कधीच बोलणार नाही. पण न बोलणं वेगळं आणि गप्प बसवणं वेगळं. माझ्या आजोबांना गप्प बसवलं. वडिलांना बसवलं. मला तर शिकवून, सवरून, आभार मानायला लावून बसवलं. ह्या लेकराला कोणी गप्प बसवायला आलं, तर आधी गाठ माझ्याशी आहे.