मोठमायची पलीकडची चूल

पांझरेला पूर आला की आमचं गाव नदीची ओटी भरायला जायचं आणि मोठमाय नदीला शिव्या घालायला. बायका हळद-कुंकू वाहत असायच्या आणि ही कमरेवर हात ठेवून ओरडायची, "हाई माय शे? मंग सवत कोनले म्हनतस?" पाण्यात सोडलेला एखादा नारळ फिरून काठाला लागला, तर तो उचलून घरी आणायची. "तिले नको शे, वापस दिधा," म्हणत त्याची चटणी वाटायची. एवढं करूनही तिचं कधी पोट दुखलं नाही, याचं गावातल्या बायकांना फार वाईट वाटे.

मोठमाय म्हणजे माझ्या वडिलांची, आबांची, थोरली वहिनी. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, पण जमिनीत अर्धा वाटा तिचा. माझी आई स्वभावाने अगदी गाय, त्यामुळे मला वाढवायचं काम मोठमायने परस्पर आपल्याकडे घेतलं. तिचं बालसंगोपन सोपं होतं. पोर रडलं तर शिवी, हसलं तर शिवी, आणि तापाने फणफणलं तर रात्रभर मांडीवर घेऊन तापाला शिव्या. मला बाराखडीच्या आधी शिव्या आल्या, आणि त्या शाळेत जास्त उपयोगी पडल्या.

सातवीनंतरची शाळा नदीपलीकडे होती. मधे पूल म्हणून नुसती बुटकी फरशी, आणि जरा पाऊस झाला की फरशीवरून पाणी. आबांचं मत होतं की सात यत्ता पोरीच्या जातीला पुष्कळ झाल्या. मोठमायने आठ दिवस त्यांच्याशी अबोला धरला. एरवी तोंडाचा पट्टा चालवणारी बाई गप्प बसली तेव्हा आबा घाबरले आणि कबूल झाले, पण एका अटीवर. नदीपायी एकदा जरी पोर अर्ध्या वाटेतून परत आली, तर त्याच दिवशी शाळेतून नाव काढायचं.

मोठमायने यावर आपली म्हैस काढली. फरशीवर पाणी असलं की वरच्या अंगाला, जिथे पाणी संथ असे, तिथे ती म्हैस नदीत घालायची. डोक्यावर घमेलं, घमेल्यात माझं दप्तर आणि कोरडे कपडे. मी शेपटीला, ती शिंगाला. मी पहिल्या दिवशी भोकाड पसरलं तर म्हणाली, "म्हैसले पोहता येस, तुले शेपूट धरता येस. मंग काबर रडस?" मी शेपूट धरलं. कपडे बदलूनही माझ्या अंगाला असा वास यायचा, की वर्गात माझा बाक मला एकटीलाच मिळे.

दोन महिने बरे गेले. मग म्हैस व्याली. तरी मोठमायने तिला पाण्यात घातलंच. नदीच्या मध्यावर आलो आणि गोठ्यातून पारडू ओरडलं. म्हशीने कान टवकारले, जागच्या जागी वळली आणि आम्हा दोघींना फरफटत घेऊन थेट घराकडे निघाली. मोठमायने तिच्या सात पिढ्या उद्धारल्या, पण आईपणापुढे शिव्या चालत नाहीत. काठावर आबा बैलगाडीची वाट बघत उभे होते. त्यांच्याबरोबर निम्मं गाव.

"बस व्हयनं," आबा म्हणाले. "आजपाईन शाया बंद."

मोठमाय लुगडं पिळत होती. तिने वर पाहिलंसुद्धा नाही. "नदी आडी येस ना? मंग मी पोरले लीसन पलाडे ऱ्हासू."

पाणी उतरताच दुसऱ्या दिवशी ती तवा, परात, पिठाचा डबा आणि मला घेऊन निघाली. पलीकडे तिच्या मावसबहिणीच्या खळ्यात एक पत्र्याची खोली होती, तिथे तिने चूल मांडली. आमच्याकडे घरातली थोरली बाई तवा घेऊन बाहेर पडली, की त्याचा अर्थ एकच, वाटण्या झाल्या. गावभर तेच. पंच आबांना विचारू लागले की विहिरीकडचं रान कोणाकडे जाणार. आठवड्यात आबा खळ्यात हजर. "वहिनी, घर चाला. लोके इचारतस, जमीन कव्हय वाटनार."

"त्यासले सांगा, पोरनी दहावी व्हवू द्या, मंग इचारा." आणि त्यांना गरम भाकरी वाढली.

तसे तीन पावसाळे आम्ही त्या खोलीत काढले; पाऊस सरला की तवा घरी, नदी भरली की पुन्हा पलीकडे. मोठमायला अक्षर येत नव्हतं, पण अभ्यास ती जातीने घेई. मी मोठ्याने वाचायचं आणि ती भाकरी थापत ऐकायची. मी अडले की फुंकणी. "थांबनी म्हंजे चुकनी." त्यामुळे इतिहास मला न थांबता म्हणता येई. गणित मात्र मोठ्याने वाचायची सोय नव्हती, म्हणून ते कधी उघडलंच नाही.

मोठमाय गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. गावात कोणी भेटलं की तिच्या शिव्या आठवून हसतात. मीही हसते. पण मला आठवतो तो दहावीच्या निकालाचा दिवस. इतिहासात वर्गात पहिली आणि गणितात नापास. ऑक्टोबरच्या परीक्षेला पुन्हा बसायचं, म्हणजे आणखी एक पावसाळा पलीकडे. मी ओट्यावर बसून रडत होते. आईही रडत होती. इतक्या वर्षांचा अपमान आबांच्या तोंडावर आला. "आते तरी व्हयनं ना समाधान, वहिनी? ठेवा आते तो तवा."

मोठमाय चुलीपाशी उभी होती. तिने तवा पदराने पुसला, परातीत ठेवला, वर पिठाचा डबा ठेवला आणि परात डोक्यावर घेतली.

"नापास पोर व्हयनी शे, भाऊ," ती म्हणाली. "मी नही."