कोरड्या बाटलीतले बुडबुडे

भुताखेतांचा विषय निघाला की चहाचा कप उचलून दुसऱ्या खोलीत जाऊन बसणारा मी माणूस. या सदरातले अनुभव माझी बायको मोठ्याने वाचते आणि मी मधेमधे "वायरिंग खराब असेल", "उंदीर असेल" असं टाकत असतो. माझं कामही तसंच आहे. जबलपूरच्या रिछाई भागात एका छोट्या कारखान्यात मी व्हॉल्व्ह तपासतो. काटा दाखवेल ते खरं, मनाला वाटेल ते नाही, असं नव्या मुलांना मीच शिकवतो. म्हणून आज हे लिहिताना संकोच होतो आहे. एक तर जे घडलं ते मला अजून उमगलेलं नाही... आणि दुसरं म्हणजे त्याची सुरुवात माझ्याच हाताने झाली.

माझी बायको वैशाली इथल्याच एका हॉस्पिटलात नर्स आहे. रुग्ण एक आजार घेऊन आत आला आणि दुसरा घेऊन बाहेर पडला, असं होऊ नये हे पाहण्याचं काम तिच्याकडे आहे. इन्फेक्शन कंट्रोल म्हणतात त्याला. ती वॉर्डात शिरली की मोठे डॉक्टरसुद्धा नकळत हात धुवायला वळतात. आमच्या घरी आलेला पाहुणा आधी बेसिनकडे जातो, मग सोफ्यावर बसतो. नातेवाईक हसतात. मी पण हसायचो.

गेल्या हिवाळ्यात तिच्या वॉर्डात एक अभ्यास चालू होता. ऑक्सिजन लावलेल्या रुग्णाच्या उशाशी भिंतीवर एक प्लास्टिकची बाटली असते, ती तुम्ही पाहिली असेल. तिच्यात पाणी असतं, त्यातून ऑक्सिजन बुडबुडत वर येतो आणि ओलसर होऊन नाकात जातो. पण साचलेलं पाणी म्हणजे जंतूंचं घर. ज्यांना थोडाच ऑक्सिजन लागतो त्यांना ते पाणी लागतच नाही, असं आता ठिकठिकाणच्या संशोधनात दिसू लागलं होतं. ते आपल्या वॉर्डात, आपल्या लोकांवर, आपल्या कोरड्या थंडीत खरं ठरतं का, हे वैशालीला पाहायचं होतं. परवानग्या मिळाल्या. रुग्णाची संमती घ्यायची, मग बंद पाकीट उघडायचं. त्यात निघेल त्याप्रमाणे बाटलीत पाणी घालायचं किंवा बाटली कोरडी ठेवायची. डॉक्टरांनी तिला मदत केली, पण कल्पना तिची होती. एका नर्सची.

नेमका त्याच दिवसांत माझ्या आईला न्यूमोनिया झाला.

आई त्याच वॉर्डात. घरचं माणूस म्हणून वैशाली बाजूला राहिली, संमती डॉक्टरांनीच विचारली. आईने पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. "माझ्या सुनेचं काम आहे न? मग लावा अंगठा कुठे लावायचा तो," म्हणाली. आई जुन्या काळची मॅट्रिक आहे, सही सुंदर करते. पण त्या दिवशी अंगठ्याचीच ऐट होती. पाकिटात कोरडी बाटली निघाली. त्यानंतर सराफ्यातल्या तिच्या मैत्रिणी भेटायला आल्या की ती धापा टाकत सांगायची, "आमची वैशू रिसर्च करून राहिली. मी आहे त्याच्यात."

शेजारच्या खाटेवर मझौलीचे एक शेतकरी होते. त्यांच्या पाकिटात पाण्याची बाटली निघाली होती. दिवसभर त्यांची बाटली बुडबुडायची आणि आईची मात्र गप्प. मी मधल्या स्टुलावर बसायचो. एका कानाला आवाज, दुसऱ्या कानाला शांतता. वैशालीने मला एकदा नाही, अनेकदा दाखवलं होतं — बाटलीच्या वर काचेची नळी असते, तिच्यात एक छोटी गोळी तरंगते. गोळी वर असली की ऑक्सिजन चालू आहे. "तुमच्या गेजसारखंच आहे की हे," ती म्हणाली होती.

गोळी वर होती. मला दिसत होती. आयुष्यभर काट्यांवर विश्वास ठेवला तो मी, आणि आईच्या खाटेशी बसून मला बुडबुडे हवे होते.

त्या दुपारी आईचा श्वास मला जास्तच उथळ वाटला. शेजारच्या शेतकऱ्यांच्या पत्नी, काकी म्हणायचो मी त्यांना, भांडी धुवायला गेल्या होत्या. त्यांचा नवरा झोपला होता, आईसुद्धा डोळे मिटून पडली होती. आईच्या उशाखाली तिची तांब्याची कुपी असते. नर्मदाजीचं पाणी तिने स्वतः ग्वारीघाटावरून भरून आणलेलं. झाकणावर लाल धाग्याचे वेढे, गाठीवर हळदीचं बोट. शेवटच्या घोटासाठी ठेवली आहे, असं ती हसत सांगते. ती कुपी मी काढली. गाठ सुटेना, म्हणून नेलकटरने धागा कापला आणि शर्टाच्या खिशात टाकला. ऑक्सिजनचा खटका क्षणभर बंद केला, बाटली फिरवून काढली, कुपी तिच्यात रिकामी केली, बाटली परत बसवली आणि खटका उघडला.

बुड... बुड... बुड...

काय सांगू, मला रडू आलं. देवाचं पाणी आणि यंत्राची हवा, दोन्ही आता आईच्या छातीत जाताहेत असं वाटलं. रिकामी कुपी परत उशाखाली ठेवली आणि चहा आणायला निघालो. दारात काकी भांडी घेऊन परत येताना भेटल्या. "अम्मा को देखती रहूँगी भैया, आप जाओ," त्या म्हणाल्या.

चहा घेऊन परतताना कॉरिडॉरमध्ये वैशालीचा आवाज आला. पलीकडच्या खोलीत, वडिलांच्या खाटेशी उभा राहून, दुसऱ्या एका रुग्णाचा मुलगा तिच्याशी भांडत होता.

"दीदी, बुलबुले ही नहीं आ रहे! हमारे बाबूजी को खाली नली लगा रखी है क्या?"

"इधर आइए भैया. हाथ आगे कीजिए." तिने नळीचं टोक त्याच्या तळहाताशी धरलं. "हवा लगी?"

"...लगी."

"तो बस. बुलबुले देखने हैं तो बाहर चाट के ठेले पे सोडा खुलवा लीजिए."

तो हसला. मग म्हणाला, "हम तो सोच रहे थे, थोड़ा नर्मदाजी का जल डाल दें. वो तो कभी खराब नहीं होता."

वैशालीचा चेहरा बदलला. आवाज चढला नाही, उलट खाली आला. "नर्मदाजी की पूजा मैं भी करती हूँ. पर उस पानी में जो भी होगा, ऑक्सीजन उसे उठाकर सीधे फेफड़े में छोड़ेगी. बाबूजी के फेफड़े पहले से बीमार हैं न? घर के आदमी ने प्यार में डाला, ये बात कीटाणु को थोड़ी मालूम है."

मी चहा तिथल्या खिडकीत ठेवला. मी तिला बाजूला घेतलं आणि सांगून टाकलं. "वैशाली, मी आईच्या बाटलीत पाणी ओतलं. कुपीतलं. आत्ताच."

ती तशीच धावत सुटली, मी मागे.

आईच्या खाटेशी पोचलो तर बाटली कोरडी होती.

रिकामी नाही म्हणत मी, कोरडी. आतून थेंब नाही, धुकं नाही. वैशालीने खटका बंद करून बाटली काढली, उजेडाकडे धरली, पालथी केली, खाली टिशू पेपर धरला. कागद कोरडा.

"कुणी बदलली का?" तिने काकींना विचारलं.

"कोई नहीं आया बेटा. भैया गए तब से मैं यहीं बैठी हूँ, मटर छील रही हूँ."

बाटलीवर अभ्यासाचं लेबल होतं, वैशालीच्या अक्षरातलं. बाटली तीच होती. मी उशाखाली हात घातला. कुपी जड लागली. बाहेर काढली... भरलेली. झाकणावर लाल धागा, तोच विटका, गाठीवर हळदीचा तोच डाग.

मी स्टुलावर बसलो. तेवढ्यात आईने डोळे उघडले.

"काहून धावून राहिले रे तुम्ही दोघं? कोणी गेलं का?"

"नाही आई. तुम्ही झोपा," वैशाली म्हणाली.

"झोपलीच होती. मधी कानाशी लई बुडबुड सुरू झाली, झोपच मोडली. मग कोणीतरी बंद केली, बरं झालं बाई." आणि ती परत झोपली. शेजारची बाटली तर अजून बुडबुडतच होती.

वैशालीने नवीन कोरडी बाटली लावली. जुनी पिशवीत बंद करून लॅबला पाठवली. मला कॉरिडॉरमध्ये नेलं आणि विचारलं, "खरंच ओतलं?"

मी काय सांगणार? माझ्याकडे पुरावा नव्हता. उलट सगळा पुरावा माझ्या विरुद्ध होता. कोरडी बाटली, भरलेली कुपी, न कापलेला धागा. जागरणाने माझं डोकं फिरलं, असं म्हणून विषय संपला असता. खरं तर मलाही तसंच म्हणावंसं वाटत होतं. पण बोटांना तो खटका आठवत होता.

"ओतलं," मी म्हणालो.

"ठीक आहे. मग आईंना अभ्यासातून काढावं लागेल."

"अगं, पण बाटली कोरडी आहे! कुणाला कळणार?"

"तुम्ही ओतलं म्हणता न?"

"हो."

"मग ओतलं." ती वळली आणि डॉक्टरांच्या खोलीत गेली.

त्या दिवशी ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ज्या बाईच्या शब्दावर आख्खा वॉर्ड हात धुतो, तिच्या शब्दावर मी, तिचा नवरा, एका बाटलीपुरताही विश्वास ठेवला नव्हता. आणि तिने स्वतःच्या डोळ्यांना दिसत होतं ते बाजूला ठेवून माझा शब्द घेतला. हे ओझं अजून उतरलेलं नाही.

लॅबचा रिपोर्ट आला, बाटलीत काहीच वाढलं नव्हतं. आई बरी होऊन घरी आली. अभ्यासातून नाव काढल्याचं कळलं तेव्हा मात्र तिने तोंड फुगवलं. "इतकी मेहनत केली मी श्वास घ्यायची, अन् सुनेनं मलाच नापास केलं! अन् ते याच्या पायी?" माझ्याकडे बोट दाखवून ती चांगली दोन दिवस अबोला धरून होती. सराफ्यातल्या मैत्रिणींना तिने "अभ्यास अजून चालू आहे" असंच सांगितलं.

काही महिन्यांनी हॉस्पिटलच्या सभागृहात वैशालीने निष्कर्ष मांडले. थोडा ऑक्सिजन लागणाऱ्या तिच्या रुग्णांना कोरड्या बाटलीने कसलाच जास्त त्रास झाला नव्हता, आणि पाण्याच्या बाटल्यांत मात्र जंतू सापडले होते. आमचं एक छोटं हॉस्पिटल, यावरून सगळ्यांनी नियम बदलावा असं मी म्हणत नाही, आणखी लोकांनी तपासावं — असंही तिने स्वतःच सांगितलं. फिकट निळी साडी, हातात माइक, आवाज स्थिर. मी आईला घेऊन शेवटच्या रांगेत बसलो होतो. आईने खांद्यावर नवी शाल घेतली होती, जणू सत्कार तिचाच.

मग एका मोठ्या डॉक्टरांनी प्रश्न विचारला. "एक रुग्ण तुम्ही वगळला आहे. कारण काय?"

"नातेवाइकाने बाटलीत पाणी घातलं होतं, सर."

सभागृहात हशा पिकला. मी मान खाली घातली.

"तुम्ही पकडलं?"

"नाही सर. त्यांनी स्वतः येऊन सांगितलं."

"बाटलीत किती पाणी सापडलं?"

"काहीच नाही. बाटली कोरडी होती. लॅबमध्येही काही आलं नाही."

डॉक्टर गोंधळले. "मग वगळलं कशाला? चांगली केस होती तुमच्या बाजूची."

वैशालीने क्षणभर शेवटच्या रांगेकडे पाहिलं. "सर, खोटं बोलून त्या माणसाला काहीच मिळणार नव्हतं. बाटलीचं मला कळलं नाही, पण माणूस मला माहीत आहे."

आईने माझ्या मांडीवर जोरात थाप मारली. "ऐकून राहिला न? माणूस म्हणे! तुला म्हणाली!" पुढच्या रांगेतले लोक वळून पाहू लागले. माझ्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं. आता त्या वॉर्डात थोडा ऑक्सिजन लागणाऱ्यांच्या बाटल्या कोरड्याच असतात. मी कधी गेलो की त्या गप्प बाटल्यांकडे बघत उभा राहतो.

सभागृहातून त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी अंगातला चांगला कोट कपाटात टांगत होतो, तेव्हा हिवाळ्यातला तो शर्ट हाताला लागला. त्या दुपारचा. कसा कोण जाणे, धुण्यातून राहून गेला होता, कपाटात स्वेटरांच्या मागे अडकून. खिशात काहीतरी बोटांना लागलं.

लाल धागा. दोन्ही टोकं नेलकटरने कापलेली, मधे गाठ, गाठीवर हळद.

मी तो वैशालीच्या हातावर ठेवला. तिने देवघरातली कुपी आणली. कुपीवरचा धागा सलग होता, तसाच विटका, गाठीवर तसाच डाग. दोन्ही शेजारी ठेवून तिने एकेक गाठ बोटाने चाचपली. मी म्हणालो, "हा तेव्हाच सापडला असता तर तुला सोपं गेलं असतं."

"बरं झालं नाही सापडला," ती म्हणाली. "मग मी धाग्यावर विश्वास ठेवला असता."

पाणी कुठे गेलं, कुपी कुणी भरली, आईच्या कानाशी काय वाजलं, एक धागा दोन ठिकाणी कसा... मला माहीत नाही. कारखान्यात असं काही झालं असतं तर मी काटा बदलून पुन्हा मोजलं असतं. इथे पुन्हा मोजायला काही नाही. कुपी अजून देवघरात आहे, धाग्यासकट. आम्ही कुणीच ती उघडून पाहिलेली नाही.